खानदेशात एक समुद्रससा

भुसावळ

भुसावळ स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात सायकलचा पंप होता, दुसऱ्या हातात झाकणाची बादली, आणि बादलीत एक समुद्रससा. खांद्याला स्लाइडचं यंत्र अडकवलेलं होतं. हमालाने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि तो दुसऱ्या डब्याकडे गेला.

माझा धंदा आधीच सांगून टाकतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांवर ओणवं व्हायचं, दगड उलटे करायचे आणि खाली समुद्री गोगलगायी काय करतात ते पाहायचं. पगार त्याचाच, डॉक्टरेटही त्यातच. आई शेजारणींना ‘आमचा बाळ समुद्रावर असतो’ एवढंच सांगते, त्यामुळे अर्ध्या आळीची समजूत आहे की मी बोटीवर आहे. एकदा एका बाईंनी मला दुबईहून घड्याळ आणायला सांगितलं होतं.

समुद्री गोगलगायींना बहुधा पाठीवर शंख नसतो. त्यांतली समुद्रससा नावाची जात मुठीएवढी, शेवाळी रंगाची असते. डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं, स्वभाव अतिशय गरीब. फार छळलं तर जांभळी शाई सोडते, बाकी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

तर अशा या प्राण्यांबद्दल एका वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. त्यात माझा उल्लेख ‘गोगलगायींचे तज्ज्ञ डॉ. केळकर’ असा होता. पंधरा दिवसांत मुक्ताईनगरजवळच्या एका गावातल्या केळी उत्पादक सोसायटीचे चेअरमन वामनभाऊ यांचं निमंत्रण आलं. ‘आपल्या ज्ञानाचा लाभ आमच्या शेतकरी बांधवांना व्हावा.’ घाटावरून मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर घाटाखालूनही नाही. समुद्रापासून इतक्या लांब, केळी पिकवणाऱ्या माणसांना समुद्रजीवांची ओढ असावी, हे मला फार काव्यमय वाटलं. नुसत्या स्लाइड दाखवण्यापेक्षा एक जिवंत नमुनाच न्यावा म्हणून मी बादली भरली.

कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. एसटीने मुंबई, तिथून गाडी. वाटेत पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून पंपाला रबरी नळी लावून अधूनमधून दोन हात मारावे लागत. समोरच्या बाकावर वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ बादलीकडे जाणत्या नजरेने पाहिलं.

“आत काय आहे?”

“गोगलगाय.”

“आणि तुम्ही तिच्यात हवा भरताय?”

“पाण्यात.”

“बरं,” ते म्हणाले आणि बिछाना उचलून वरच्या बर्थवर गेले.

भुसावळला वामनभाऊ स्वतः हजर होते. उंच, पांढराशुभ्र पायजमा, टोपी, आणि आवाज असा की गाडीच्या शिट्टीला लाज वाटावी. त्यांच्यामागे जीपचा ड्रायव्हर रसूलभाई हार घेऊन उभा होता.

“केयकर साहेब?”

“केळकर.”

“तेच ते, केयकर. नावातच केयी हाये, आता अजून काय पायजे!” त्या भागात बोलताना ळ चा य होतो, हे मला तेव्हा कळलं. पुढे मुक्काम संपेपर्यंत मी केयकरच होतो. “या बादलीत औषध हाये काय?”

“नाही, गोगलगाय आहे.”

वामनभाऊंचा चेहरा पडला. “अहो साहेब, आमच्या गावात काय कमी हायेत का, की तुमी घरून घेऊन आले?”

खानदेशी विनोद असाच असणार असं समजून मी मनापासून हसलो. एकटाच.

गाव

जीप केळीच्या बागांतून चालली होती. दोन्ही बाजूंना नुसती हिरवी भिंत. आमच्याकडे केळ म्हणजे विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली दोन खोडं. इथे डोळा पोचेल तिथवर केळीच. मी म्हटलं, “समुद्रासारखं दिसतंय.” रसूलभाई म्हणाला, “साहेब, समुंदर मैंने देखा नहीं, पण एवढे पैशे नसतील लागत त्याला.”

वामनभाऊंच्या घरी दिवाळीला माहेरी आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, कारभार होता. अक्का धुळ्याला दिलेल्या, त्यामुळे त्यांची बोली भावापेक्षा निराळी. माणूस ठेंगणा, पण चेअरमन त्यांच्यापुढे चप्पल काढून उभे राहत.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत आणि लालभडक शेवभाजी होती. आमच्याकडे नारळ घालून मिरचीची समजूत काढतात. इथे मिरचीला कोणी काही बोलतच नाही. दुसऱ्या घासाला माझे कान बंद झाले.

“भाऊ, तुम्हना डोयामा पानी कसाले ई राह्यनं?” अक्कांनी विचारलं.

“घरची आठवण आली,” मी म्हटलं. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी आणखी रस्सा वाढला.

जेवणानंतर सगळं घर बादलीभोवती जमलं. अक्कांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. “खारं शे!” मग ससा पाहिला आणि त्यांना त्याची दया आली. मी त्याच्यासाठी ओल्या फडक्यात समुद्रातलं शेवाळं आणलं होतं, पण पाहुण्याला शिळं कसं घालायचं म्हणून त्यांनी मेथीची कोवळी जुडी पाण्यात सोडली. “खाय ना वं बाई.” बाईने मेथीला शिंग लावून पाहिलं आणि पाठ फिरवली.

पंप मारायचं काम गावातले सर्वांत वयस्कर शेतकरी नाना यांनी आपणहून घेतलं. ते ओसरीवर बसून हुक्का ओढावा तशा संथपणे पंप मारत राहिले. मध्येच म्हणाले, “याच्यापरीस म्हैस बरी. श्वास तरी सोताचा सोता घेते.”

सभा

संध्याकाळी सोसायटीच्या गोडाऊनसमोर सभा होती. गाव लोटलं होतं. शेजारच्या गावांतूनही ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. माझ्या आजवरच्या व्याख्यानाला सर्वांत मोठी गर्दी अकरा जणांची, त्यात दोघे पंखा दुरुस्त करायला आलेले. मला भरून आलं.

स्लाइड सुरू केल्या. निळी-पिवळी, झालरवाली, मोरपिशी, एकेक समुद्री गोगलगाय पांढऱ्या चादरीवर उमटू लागली. पहिल्या चार स्लाइड उलट्या आल्या, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे मी सांगितलं की यांतली प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही.

सभेत खळबळ उडाली. “दोन्ही?”

“दोन्ही.”

“एकाच टायमाले?” मागून आवाज आला.

“हो.”

थोडी कुजबुज झाली. मग एक पागोटेवाले उठले. “मंग साहेब, हुंडा कोन देते?”

हशा ओसरायला बराच वेळ लागला. तो ओसरला तेव्हा नाना उठले आणि सगळे गप्प झाले.

“चित्रं चांगली हायेत. आता औषध सांगा.”

“कसलं औषध?”

“गोगलगायीचं. केयीचे कोवये पोंगे खाऊन राह्यल्या ना त्या. एकदा लावलेली बाग खाल्ली, पुन्हा लावली, तीबी खाल्ली. वामन म्हने, मी गोगलगायीचा डाक्टर आनतो, तोवर कोनी बोंब मारू नका.”

गोडाऊनसमोरची सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. वामनभाऊ तर अशा नजरेने, की जणू मी खिशातून आत्ता बाटली काढणार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे कान शेवभाजी न खाताच बंद झाले.

“माफ करा,” मी म्हटलं, “मी समुद्रातल्या गोगलगायींचा आहे. जमिनीवरच्या मला माहीत नाहीत.”

काहीतरी करायचं म्हणून वामनभाऊंनी बाही सारली, बादलीत हात घातला आणि ससा उचलून धरला. “हे पाहा! साहेब खोटं बोलत नही! ही खाऱ्या पान्यात जगते!”

समुद्रसशाला आयुष्यात इतकी माणसं एकदम कोणी दाखवली नव्हती. त्याने शाई सोडली. चेअरमनसाहेबांचा हात कोपरापर्यंत जांभळा झाला, पायजम्यावर ओघळ गेले. “निवडणूक झाली वाटते!” कोणीतरी ओरडलं. “एवढी शाई म्हनजे भाऊनं समद्या गावाचं मतदान केलं!”

नाना मात्र हसत नव्हते. ते ससा न्याहाळत म्हणाले, “आमची गोगलगाय मिठानं मरते. तुमची मिठात जगते. म्हनजे साहेब, तुमी बरोब्बर उलटे डाक्टर झाले.”

सभा बरखास्त झाली. घरी परतताना वामनभाऊ जीपमध्ये पुढच्या सीटवर जांभळा हात मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रथमच हळू बोलत होते. “पुढच्या महिन्यात चेअरमनची निवड हाये. मी लोकायले जबान दिली व्हती. जाऊ द्या. तुमची काय चूक.”

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मी सकाळच्या गाडीने परतलो असतो. पण ते इतकं मायेने म्हटलं होतं, की झोपेपर्यंत मला त्याचं दुखणं लागून राहिलं.

बाग

सकाळी उठून मी म्हटलं, “मला बाग तरी दाखवा.”

बागेत पाटाचं पाणी नुकतंच फिरलं होतं. वर पानांची सावली, खाली ओल. कोवळे पोंगे, म्हणजे अजून न उलगडलेली पानं, चाळणीसारखे झाले होते, पण गोगलगाय एकही दिसेना. वामनभाऊ म्हणाले, “दिवसा कुठी जातात कोनाले माहीत.”

आता मला गोगलगायींचं औषध माहीत नव्हतं, पण गोगलगायी दिवसा कुठे जातात हा प्रश्न मी आयुष्यभर किनाऱ्यावर सोडवत आलो होतो. मी बूट काढले, पायजमा वर खोचला आणि सवयीने ओणवा झालो. पहिलाच दगड उलटा केला, खाली सहा. वाळलेल्या पानांचा थर उचलला, तिथे संमेलनच भरलेलं. ऊन लागलं की अंग सुकतं म्हणून ओल्या अंधारात दडायचं, ही खोड समुद्रातल्यांची आणि जमिनीवरच्यांची एकच. मला इतका आनंद झाला की मी ओरडलो, “अहो, ह्या तर आपल्याच!”

“तुमच्या असतील,” वामनभाऊ म्हणाले, “तर घेऊन जा.”

मग मी सुचवलं ते अगदी साधं होतं. तिन्हीसांजेला ओली गोणपाटं बागेत ओळींमधून पसरायची. रात्रभर चरून त्या पहाटे जवळच्या ओल्या आडोशाला, म्हणजे गोणपाटाखाली, शिरतील. सकाळी उचलायचं, वेचायचं आणि साबणाच्या पाण्यात टाकायचं. मीठ शेतात टाकायचं नाही, जमीन बिघडते. “एका दिवसात संपणार नाहीत,” मी बजावलं, “पण रोज वेचलं तर कमी होतील.”

“औषध नही?” नानांनी विचारलं.

“नाही.”

“मंग तुमी खर्च काय सांगितला?”

“काही नाही.”

नाना जरा विचारात पडले. “फुकट हाये म्हन्ल्यावर लोक आयकतील की नही, ते मी सांगू शकत नही.”

ते त्यांनीच सोडवलं. गावभर सांगितलं की केयकर साहेबांचा हा उपाय रत्नागिरीहून आला आहे आणि फार महाग आहे, फक्त आपल्या गावाला माफ केला आहे. संध्याकाळी गावात एकही गोणपाट शिल्लक राहिलं नाही. पोत्यातले शेंगदाणे लोकांनी जमिनीवर ओतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत जत्रा होती. गोणपाट उचललं की आरोळी उठायची. कोणाच्या ओळीत जास्त निघाल्या यावरून सोयऱ्यांत भांडणं लागली. रसूलभाईने जीपच्या टपावरून निकाल जाहीर करायला सुरुवात केली. बादल्या, घमेली, कोणाची तर पितळी कळशी, सगळं भरून वामनभाऊंच्या अंगणात आलं. मी साबणाचं पाणी करायला सांगत होतो, पण तेवढ्यात सत्काराची गडबड सुरू झाली आणि ते राहून गेलं.

सत्कार दुपारी होता. अंगणातच घातलेल्या मंडपात सगळे जमले, वामनभाऊंचं भाषण रंगलं. त्यांचा हात धुऊन स्वच्छ झाला होता, पण आता तो ते मुद्दाम उंच धरून सांगत होते की याच हाताने आपण साहेबांना आणलं. मग शाल, नारळ आणि झेंडूचा हार. हार गळ्यात पडला आणि मानेला गार लागलं. पाहतो तर हाराची अर्धी फुलं कुरतडलेली, आणि त्यांच्या मधोमध दोन गोगलगायी निवांत जेवत बसलेल्या.

अंगणातल्या बादल्यांवर कोणी झाकणं ठेवली नव्हती. पुढच्या घटकेत सगळं उलगडलं. गोगलगायी मंडपाच्या खांबांवर होत्या, माईकच्या दांड्यावर होत्या, प्रमुख पाहुण्यांच्या टोपीवर एक होती आणि ते शेजारच्याला विचारत होते, लोक हसतात का. अक्का स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आल्या. “बठ्ठा घरमा शिरी गयात!” सगळं गाव वेचायला लागलं. सत्कारमूर्तीही हार घालून, शाल सावरत, टेबलाखाली.

पिंप्राळा आणि धुळे

गावातला मुक्काम संपला. अक्कांनाही धुळ्याला घरी परतायचं होतं. रसूलभाई आम्हा दोघांना जीपने सोडणार, आणि मी धुळ्याहून एसटीने मुंबई गाठणार असं ठरलं. जळगावात पिंप्राळ्याला रसूलभाईच्या मेहुण्याकडे चहा झाला. तिथे स्कूटरवरून जाणारे दोघे-तिघे बादली पाहायला थांबले. अक्काच सगळ्यांना माहिती देत होत्या. “रत्नागिरीनी शे. खारं पानी पेस. मेथी खात नही.”

धुळ्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बादली अक्कांनी देवघराशेजारी ठेवली, थंड जागा म्हणून. सकाळी त्यांच्या हाकेने जागा झालो.

“भाऊ! हाई काय शे? बादलीमा कोनी शेवया टाक्यात?”

पाहिलं तर पाण्यात पिवळसर, बारीक, गुंता झालेल्या शेवयांचा पुंजका. मी बघतच राहिलो. समुद्रसशाने अंडी घातली होती. एवढा प्रवास, जांभळी शाई, मेथीची जुडी, हे सगळं सोसून.

“अक्का, शेवया नाहीत. अंडी आहेत.”

अक्का बादलीकडे बघत मटकन खाली बसल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी कौतुक म्हणेन. “मन्हा घरमा बायतीन व्हयनी!” त्यांनी आधी शेजारणीला हाक मारली, मग मला विचारलं, “तिन्हा नवरा कोठे शे?”

ती स्वतःच कोणाचा तरी नवराही असेल, हे सांगायची माझी छाती झाली नाही. “समुद्रात आहे,” मी म्हटलं.

“बोटवर?”

“हो.”

“हाई नवरास्नी जातच अशी,” शेजारीण म्हणाली.

त्यानंतरचे दोन तास माझ्या हातात काही उरलं नाही. बादलीला हळदकुंकू लागलं. डिंकाचा लाडू पाण्यात टाकण्यापासून मी अक्कांना कसाबसा परावृत्त केलं, तर तो मला खावा लागला. बाळंतिणीला असं रिकामं धाडतात का, म्हणून बादलीच्या झाकणावर खण, तांदूळ आणि नारळ ठेवून ओटी भरली गेली. रसूलभाई दारात उभा राहून डोळे पुसत होता. हसून की कशाने, मी विचारलं नाही.

“सुखरूप पोचली का कयाडजो,” अक्का म्हणाल्या, “आन् किती पोरं व्हयनात ते बी.”

धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरने ओटी भरलेली बादली पाहिली. काय समजला कोण जाणे, त्याने मला पुढची सीट दिली आणि घाटात ड्रायव्हरला दोनदा म्हणाला, “जरा सांभाळून, बाई आहेत.”

परत

रत्नागिरीला उतरलो तो ओहोटीचीच वेळ होती. घरी न जाता तसाच खडकांवर गेलो आणि एका खोल डबक्यात बादली हळूच आडवी केली. समुद्रसशाने शिंगं बाहेर काढली, ओळखीच्या शेवाळावर तोंड ठेवलं आणि खायला लागला. अंड्यांचा पुंजका एका कपारीत नीट बसवला. तांदळाचे दोन-चार दाणे त्यात अडकले होते, ते राहू दिले.

वामनभाऊंना कार्ड टाकलं. बाळंतीण सुखरूप, अंडी अंदाजे लाखभर असावीत. सोसायटीची निवड त्यांनी जिंकली, असं त्यांच्या उत्तरावरून कळलं. गोगलगायी संपल्या नव्हत्या, पण पोंगे वाचू लागले होते. पहाटे गोणपाटं उचलायला अजूनही गर्दी होते, आणि सोयऱ्यांची भांडणं चालूच आहेत, असंही होतं.

बरोबर एक छोटं पार्सल होतं. आत लाल खणाचं, जरीची कड लावलेलं, अंगठ्यावर बसेल एवढं टोपडं. वर शिंगांसाठी दोन भोकं ठेवलेली.

सोबतच्या चिठ्ठीत वामनभाऊंनी लिहिलं होतं : ‘अक्काने धुळ्याहून पाठवलं आहे. म्हणते, लाखभर शिवणं तिच्याच्याने होणार नाही. आळीपाळीने घालावे.’